माशी आणि मासा

गळ टाकून नदीकाठी बसणाऱ्या माणसांविषयी माझे मत कधीच फारसे चांगले नव्हते. मासा ही ताटात पाहण्याची वस्तू आहे, पाण्यात पाहण्याची नव्हे, अशी माझी लहानपणापासूनची श्रद्धा. आमचे गाव मालवण तालुक्यात, कर्लीच्या खाडीकाठी. तिथे माझे काका संध्याकाळी गरीला सुंगट लावून काळुंदरे गरवीत बसत, आणि वाटण वाटायला घ्यावे की घेऊ नये या विवंचनेत माझी आजी घरात येरझारा घालीत असे. या व्यवसायात काव्य काही असलेच तर ते काकांच्या वाट्याचे. माझा संबंध गद्यभागाशी, म्हणजे सारभाताशी.

त्यामुळे माझा अमेरिकेतला मुलगा रविवारी मासे धरायला जातो, तेही माशीने धरतो, आणि धरून पुन्हा नदीत सोडून देतो, हे जेव्हा मला कळले तेव्हा मी त्याच्या प्रकृतीची चौकशी करणारे पत्र लिहिले होते. गावातल्या एका स्नेह्याला ही हकीकत कळवताना 'मुलाने माश्यांची पेटी घेतली आहे' असे मी लिहिले. त्याने 'माशांची पेटी' वाचले आणि मुलाने बर्फातल्या मासळीचा धंदा सुरू केल्याबद्दल माझे अभिनंदन केले! एका यकारात केवढा अनर्थ भरलेला असतो!

गेल्या वर्षी श्रावण सरता सरता मी त्याच्याकडे न्यू जर्सीला गेलो. तोंडाने म्हणत होतो 'नातवंडांना भेटायला'. पण खिशात एक प्रश्न घालून गेलो होतो. आमची ही जाऊन दोन वर्षे झाली होती. खाडीकाठच्या त्या घरात आता मी एकटा. दर पावसाळ्याला कौले सरकतात, आणि माझे वय शिडी चढण्याचे राहिलेले नाही. तेव्हा मुलाला एकदाच काय ते विचारायचे होते, की बाबा रे, तू परत येणार आहेस का? येणार असलास तर घर राखतो, नसलास तर विकून मोकळा होतो. मी हा प्रश्न पहिल्या पंधरवड्यात तीनदा टाकला. एकदा सकाळी तो घाईत असताना, एकदा मोटारीत, आणि एकदा रात्री नऊ वाजता, कचेरीतून दमून येऊन तो पानावर बसला होता तेव्हा. तिन्ही वेळा उत्तर एकच आले, "बघू, बाबा." सून पोळी वाढता वाढता थांबली आणि मग मुलांना लवकर जेवा म्हणून उगाचच रागावली.

त्या रविवारी तो म्हणाला, "बाबा, नदीवर येता? दोन-अडीच तासांची वाट आहे."

नदीचे नाव ऐकून मी दचकलो. बीव्हरकिल! मी म्हटले, अरे, मारू नये अशी व्रते घेतोस आणि जातोस मात्र 'किल'वर? तेव्हा तो हसला. त्या मुलुखात पूर्वी डच लोक राहत. त्यांच्या भाषेत किल म्हणजे ओढा. बीव्हर या प्राण्याचा ओढा तो बीव्हरकिल. न्यूयॉर्क राज्यातल्या कॅट्स्किल डोंगरातून ही नदी येते आणि रॉस्को नावाच्या लहानशा गावापाशी विलोविमॉक नावाच्या दुसऱ्या नदीला मिळते. आपल्याकडे असा संगम असता तर काठावर देऊळ, घाट आणि चार पेढेवाले असते. तिथे माश्या विकणारी दुकाने आहेत.

काठावर बसून मुलाने आपली पेटी उघडली, आणि इतक्या दिवसांत प्रथमच मला त्याच्या छंदात काही ओळखीचे दिसले. चाळीस वर्षे मी शाळेत गणित शिकवले. पण गाव मला ओळखते ते होमिओपॅथीच्या पेटीमुळे. माझ्या गोळ्यांनी किती जण बरे झाले आणि किती आपोआप बरे झाले, हा हिशेब गणिताचा मास्तर असूनही मी कधी मांडला नाही. पण त्या पेटीतल्या छोट्या छोट्या कुप्यांसारखेच इथे छोटे छोटे कप्पे होते, आणि प्रत्येकात कोंबड्याच्या मानेच्या पिसांनी आणि रेशमाने आकड्यावर बांधलेली एकेक माशी होती. गंमत म्हणजे, आकड्याचा नंबर जसजसा वाढत जातो तसतशी माशी बारीक होते. बारा नंबरची माशी नखाएवढी, तर बावीस नंबरची तांदळाच्या कणीएवढी! आमच्याकडेही नंबर चढत गेला की औषध विरळ होत जाते. मी मनात म्हटले, चला, चिरंजीवांनी घराणे सोडलेले नाही.

"मग आज कोणती देणार?" मी विचारले.

त्याने उत्तर दिले नाही. खिशातून दोरी बांधलेला एक थर्मामीटर काढला आणि नदीत सोडला. दोन मिनिटांनी वर काढून पाहिला आणि काठीचे सांधे सोडवून ती पिशवीत घालायला लागला.

"अरे, हे काय?"

"सत्तर आहे, बाबा. अडुसष्टच्या वर गेलं की ट्राउटला त्रास होतो."

फॅरनहाइटचे सत्तर म्हणजे आपले एकवीस. आपण तेवढ्यात शाल शोधू. पण ट्राउट हा थंड पाण्याचा जीव. पाणी तापले की त्यातला प्राणवायू कमी होतो. अशा वेळी मासा गळाला लागला तर झुंज देताना त्याचा दम संपतो, आणि मग सोडला तरी तो जगेल याचा भरवसा नसतो. बीव्हरकिलला वर कुठे धरण नाही. तिला थंडावा मिळायचा तो पावसाने आणि रात्रीच्या गारव्याने. त्या वर्षी पाऊस झाला नव्हता. नदी गोट्यांमधून अंग चोरून वाहत होती. एका झऱ्याच्या तोंडाशी, जिथे गार पाणी येऊन मिळत होते, तिथे पाच-सहा मासे एकमेकांना खेटून उभे होते.

"ते काय समोरच दिसताहेत! टाक की!"

"दिसताहेत म्हणूनच नाही टाकायचं. ते तिथं श्वास घ्यायला आलेत."

अडीच तास मोटार हाकून आम्ही त्या माशांकडे पाहत बसलो, सुनेने दिलेल्या दशम्या खाल्ल्या आणि परत आलो. मला प्रथम वैताग आला होता. पण वाटेत केव्हातरी माझ्या लक्षात आले, की रोग्याच्या अंगाला हात लावून पाहिल्याशिवाय मी कधी गोळी दिली नाही. आणि पोटच्या पोराला मात्र मी पंधरा दिवसांत तीन मात्रा दिल्या होत्या, तिन्ही ताप न बघता. त्या रात्री तो पानावर बसला तेव्हा मी त्याच्या तोंडाकडे पाहिले आणि कारल्याच्या भाजीविषयी बोललो.

मग सप्टेंबरात पाऊस झाला. रात्री गार पडू लागल्या. मेपलच्या झाडावर एखादी फांदी अशी लाल दिसे, की हळदीकुंकवाला आलेल्या बायकांत एखादीनेच शालू नेसून यावे. महिन्याच्या शेवटच्या रविवारी आम्ही पुन्हा निघालो. आभाळ भरून आले होते, बारीक भुरभुर चालू होती. मला वाटले, आता घरी परतायला सांगणार. तर स्वारी खूश! उन्हाळ्यात जे काम पहाटे नाही तर संध्याकाळी करायचे, ते हिवाळ्याच्या तोंडाशी भरदुपारी होते, आणि असे मळभ असले तर फारच उत्तम. थर्मामीटर सत्तावन्न दाखवीत होता.

तरीही त्याने लगेच काठी हातात घेतली नाही. तो दगड पाहत हिंडला. काठच्या ओल्या दगडांवर काळपट रिकाम्या काती चिकटल्या होत्या. आयसोनिकिया नावाचा किडा पाण्यातून पोहत येतो, दगडावर चढतो, कात टाकतो आणि पंख फुटून उडून जातो. "म्हणजे बारा नंबर, काळसर," मी निदान केले. त्याने माझा मान राखून तीच माशी बांधली. समोरच्या डोहात मासे वर येत होते. पण आमच्या माशीजवळ येत, पाहत आणि खाली जात. पानात पडलेला पदार्थ आवडला नाही म्हणजे नातू जसा ताट सरकवतो, अगदी तसे.

इथेच माशी शिंकली होती! मुलगा गुडघाभर पाण्यात वाकला आणि त्याने ओंजळीत पाणी घेतले. त्यात राखाडी पंखांचे, तेलकट हिरव्या अंगाचे चिमुकले किडे तरंगत होते. काती खऱ्या होत्या, पण त्या कालच्या. आज मासे खात होते ते हे. गळाच्या पुढचा धागा त्याने आणखी बारीक केला, इंचाच्या पाच सहस्रांशाचा, आणि त्याला वीस नंबरची माशी बांधली. मला तर ती चष्म्यातूनही दिसेना.

पण खरी अडचण त्याहून पुढची आहे. नदी काही एका चालीने वाहत नाही. मधला प्रवाह धावतो, कडेचा रेंगाळतो. वेगाच्या पाण्यात सापडलेली दोरी माशीला ओढू लागली, की पाण्यावर तिची बारीकशी रेघ उमटते आणि मासा ओळखतो, की हिला कोणीतरी ओढते आहे. म्हणून दोरी हलकेच उचलून प्रवाहाच्या वरच्या अंगाला टाकायची आणि माशीला तिच्या गतीने जाऊ द्यायचे. मुलगा हे पुनःपुन्हा करीत होता. दहाव्या की बाराव्या खेपेला पाण्यावर एक लहानसे वर्तुळ उठले, आणि काठी वाकली.

मासा वीतभर लांब असेल, थोडा जास्तच. सोनेरी पिवळे पोट, पाठीवर काळे ठिपके, आणि कुशीवर पांढरट वळ्यांत बसवलेले लाल ठिपके. मुलाने आधी हात ओले केले. कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर जातो. मी जाळे धरले होते. कोकणातल्या माणसाला साजेसा विचार त्या क्षणी माझ्या मनात येऊन गेला, हे मी कबूल करतो.

"ब्राउन ट्राउट," मुलगा म्हणाला. "हा मूळचा इथला नाही, बाबा."

१८८३ साली जर्मनीहून या जातीची अंडी न्यूयॉर्कला आली. ती उबवली गेली, पिल्ले नद्यांत सोडली गेली, आणि आता हा मासा इतका रुळला आहे, की पुष्कळांना तो मूळचाच वाटतो. शरद सरत आला की तो वाळूगोट्यांचा स्वच्छ तळ शोधतो आणि तिथे अंडी घालतो. त्या दिवसांत जाणती माणसे असा तळ तुडवीत नाहीत. मुलगा हे सांगत होता, आणि माशाचे तोंड प्रवाहाकडे करून त्याला पाण्यात अलगद धरून होता. कल्ले दोन-चारदा हलले. मग शेपटीचा एक फटकारा, आणि मासा दिसेनासा झाला. तो जर्मनीकडे गेला नाही. चार हातांवरच्या दगडाखाली गेला. माझ्या खिशातल्या प्रश्नाचे उत्तर मला त्या दगडापाशी बहुतेक मिळाले. मी विचारले काहीच नाही.

परतताना अंधार पडला. काचेवरून पाणी निथळत होते. बऱ्याच वेळाने तोच म्हणाला, "बाबा, काकाआजोबांची गरी अजून आहे का हो घरात?"

"माळ्यावर आहे."

पुन्हा दोन-चार मैल शांतता. मग तो रस्त्यावरची नजर न काढता म्हणाला, "विका म्हणवत नाही, बाबा. आणि येतो असंही म्हणवत नाही. तुम्ही विचारलंत की मला काही सुचतच नाही."

एवढे मोठे वाक्य तो माझ्याशी कित्येक वर्षांत बोलला नव्हता. मी म्हटले, "बरं." त्याहून जड शब्द बांधला असता तर दोरी ताणली गेली असती.

निघताना त्याने मला एक माशी दिली. देताना थिओडोर गॉर्डन नावाच्या गृहस्थाची गोष्ट सांगितली. त्याला १८९० मध्ये इंग्लंडच्या हॅलफर्डने पाण्यावर तरंगणाऱ्या माश्यांचे नमुने पाठवले होते. पण ते तिकडच्या संथ नद्यांसाठी आणि तिकडच्या किड्यांसाठी बांधलेले. कॅट्स्किलच्या खळाळत्या पाण्याला ते जुळेनात. तेव्हा गॉर्डनने आपल्या नदीवरचे किडे न्याहाळून आपल्या माश्या बांधल्या. १९१५ मध्ये तो वारला. त्याच्या माश्या अजून बांधल्या जातात.

ही गोष्ट मी नीट ऐकायला हवी होती. कारण गावी परतल्यावर दिवाळीच्या सुट्टीत मी माळ्यावरून काकांची गरी काढली, तिला ती परदेशी माशी बांधली आणि मोठ्या दिमाखाने खाडीकाठी जाऊन बसलो. शेजारची पोरे भोवती जमली. तासभर झाला; कर्लीच्या एकाही काळुंदराने त्या माशीकडे ढुंकून पाहिले नाही. शेवटी एका पोराला माझी दया आली. त्याने आपल्या करवंटीतले एक सुंगट मला दिले.

ती माशी आता माझ्या होमिओपॅथीच्या पेटीतल्या एका रिकाम्या कप्प्यात आहे. कौले या पावसाळ्याआधी शाकारून घेतली. फोनवर मुलगा अधूनमधून विचारतो, "खाडीला पाणी कसं आहे?" मी त्याला पाणी कसे आहे ते सांगतो.