फुसका बार

आमच्या घराण्यात शस्त्रांची परंपरा नाही. आजोबांकडे अडकित्ता होता, वडिलांकडे छत्री होती आणि माझ्याकडे बँकेनं दिलेला रबरी शिक्का आहे. त्यामुळे नववीतल्या आमच्या कन्येनं एका रविवारी सकाळी "बाबा, मला पिस्तूल पाहिजे" असं जाहीर केलं तेव्हा निम्मा चहा बशीत आणि उरलेला निम्मा लेंग्यावर, अशी त्याची विभागणी झाली.

पॅरिस ऑलिंपिकचे दिवस होते. 2024 साली मनू भाकरनं तिथे पिस्तुलावर दोन ब्राँझपदकं मिळवली आणि आपल्या कोल्हापूरकडच्या स्वप्नील कुसाळेनं रायफलवर एक. त्या तीन पदकांचा खर्च देशातल्या किती बापांना पडला याचा हिशेब कुणी मांडलेला नाही. आमच्या घरापुरता तो 32 हजार रुपये आला. "मुदतीपूर्वी ठेव मोडली तर व्याज कमी मिळतं हं!" हे वाक्य मी रोज काउंटरवर दहाजणांना ऐकवतो. त्या दिवशी आमच्याच कॅशियरनं ते मला ऐकवलं, आणि त्याच्या चेहऱ्यावर जो आनंद होता तो मी त्याला बोनस मिळतानासुद्धा पाहिलेला नाही.

पिस्तूल अर्थात हवेचं. साडेचार मिलिमीटरची शिशाची गोळी, ठरावीक मर्यादेतली ताकद, म्हणून परवाना लागत नाही. तरीही आमच्या सोसायटीत बातमी पसरायला लिफ्टच्या दोन फेऱ्या पुरल्या. वाघोली हे तसं पिलाजी जाधवरावांचं गाव, त्यांची समाधी इथेच आहे. त्या पराक्रमी पुरुषानंतर वाघोलीत शस्त्र आणणारा मीच पहिला, अशा नजरेनं वॉचमन माझ्याकडे बघू लागला. पूर्वी तो मला नुसता मान हलवायचा, आता उभा राहायला लागला. मेंटेनन्स थकलेल्या सभासदांची यादी लागली त्या महिन्यात सेक्रेटरींनी माझं नाव सर्वांत शेवटी आणि बारीक अक्षरात लिहिलं.

हा खेळ काय आहे ते आधी सांगतो, कारण मलाही माहीत नव्हतं. दहा मीटरवर एक कागद लावतात. त्यावर मधोमध दहा गुणांचं वर्तुळ, ते साडेअकरा मिलिमीटरचं. म्हणजे तुमच्या शर्टाच्या बटणाएवढं. एका हातात जवळजवळ किलोभर वजनाचं पिस्तूल धरायचं, दुसरा हात खिशात घालायचा आणि दहा मीटरवरच्या त्या बटणाला भोक पाडायचं. असं साठ वेळा. आमच्या बँकेत काउंटरपलीकडच्या माणसाचा चेक समोरच्या ट्रेमध्ये पडत नाही.

पहिले तीन महिने झकास गेले. नगर रोडवरची गर्दी पार करून आम्ही बापलेक सरावाला जात असू. केसनंद फाट्यावर अर्धा तास, खराडी बायपासला अर्धा तास आणि मग कन्येचा सराव एक तास. पेल्ट्यांच्या डब्या संपत होत्या, गुण वाढत होते. चौथ्या महिन्यात मात्र काहीतरी बिनसलं. पहिल्या वीस गोळ्या बऱ्या जायच्या आणि मग एकेक गोळी खाली उतरायला लागायची. नऊ, आठ, पुन्हा आठ, सात. जिल्ह्याच्या स्पर्धेला सहा आठवडे उरले होते.

अशा वेळी बापाचं कर्तव्य काय? भाषण. परतीच्या वाटेवर केसनंद फाटा येईपर्यंत एकाग्रतेवर, आणि फाट्यावर गाडी अडकली की मोबाइलच्या दुष्परिणामांवर. "दमलीस की लक्ष उडतं तुझं. सगळा खेळ मनाचा आहे!" मी सांगायचो. सांगणाऱ्याचं स्वतःचं मन रोज चार वाजता कॅश जुळताना उडतं ही गोष्ट वेगळी. तिचा मोबाइल काढून घेतला. रात्री साडेनऊला दिवा बंद. मग प्राणायाम. आमची ही एकदा म्हणाली, "अहो, त्या यंत्रालाच काही झालं नसेल ना?" मी हसलो. 32 हजारांच्या वस्तूला काही होत नाही, जे व्हायचं ते चौदा वर्षांच्या पोरीला होतं, असा माझा त्या वेळचा ठाम अर्थशास्त्रीय सिद्धान्त होता. कन्या काही बोलायची नाही. खिडकीतून बाहेर बघत बसायची.

शेवटी तिच्या सरांनी पिस्तूल स्वतः हातात घेतलं. वीस गोळ्या नीट गेल्या. एकविसावी खाली. पंचविसावी आणखी खाली. सरांनी पिस्तूल टेबलावर ठेवलं आणि मला म्हणाले, "मुलीचा हात ठीक आहे. पिस्तुलाची हवा जातेय."

त्याचं असं असतं. या पिस्तुलाच्या सिलिंडरमध्ये 200 बार दाबानं हवा भरतात. आपल्या मोटारीच्या टायरात दोन-सव्वादोन बार असते, त्यावरून कल्पना करा. आतला एक झडपेसारखा भाग प्रत्येक गोळीला मोजून तेवढीच हवा सोडतो, आमच्या कॅशियरसारखा. तिथलं रबराचं सील गेलं की हवा भलतीकडेच निघून जाते, गोळीचा वेग कमी होतो आणि ती खाली पडते. नेम बरोबर, बार फुसका.

त्या क्षणी मी कन्येला काहीतरी बोलायला हवं होतं. मी म्हणालो, "चला, वॉरंटी आहे ना!"

आणि इथे माझी बी.कॉम.ची पदवी वीस-बावीस वर्षांनी जागी झाली. आपल्याकडे लोक गॅरंटी आणि वॉरंटी एकच समजतात. तसं नाही. 1872 च्या करार कायद्यातल्या गॅरंटीला तीन माणसं लागतात: कर्ज देणारा, घेणारा आणि घेणाऱ्यानं बुडवल्यावर रडणारा. आणि 1930 च्या मालविक्री कायद्यात अट मोडली तर माल परत करता येतो, वॉरंटी मोडली तर नुसती भरपाई मागता येते. हे सगळं मी दुकानदाराला उभ्या उभ्या समजावून सांगितलं. तो शांतपणे ऐकून म्हणाला, "कंपनीला फोन करा."

कंपनीला फोन केला. हिंदीसाठी एक दाबा, इंग्रजीसाठी दोन दाबा. मराठीसाठी काय आवळायचं ते सांगितलं नव्हतं. चार दिवस संगीत ऐकलं. पाचव्या दिवशी एक बाई म्हणाल्या, "साहेब आज रजेवर आहेत, उद्या करा." हे वाक्य ऐकून मला एकदम घरच्यासारखं वाटलं. त्याचा उच्चार, त्यातला विराम, सगळं ओळखीचं होतं. गेली वीस वर्षं मीच ते म्हणत आलोय.

मग आदेश आला: माल स्वखर्चानं पाठवा. सिलिंडर रिकामं करून खोकं घेऊन मी वाघोलीतल्या कुरिअरवाल्याकडे गेलो. दुकानात ही गर्दी.

"आत काय आहे?"

"पिस्तूल."

वाघोलीत रांगेशिवाय काम झालेला तो माझ्या आयुष्यातला एकमेव प्रसंग. माझ्या पुढचे चार आणि मागचे सहा जण कुठे गेले ते कळलंच नाही. कुरिअरवाला मात्र खुर्चीला खिळला होता, कारण त्याला मागे दार नव्हतं. बिल दाखवलं, नियमाचा कागद दाखवला, कन्येचा स्पर्धेतला फोटो दाखवला. शेवटी आमच्या सोसायटीतले निवृत्त सुभेदार काका दूध आणायला चालले होते ते आत आले, खोकं उघडून बघितलं आणि म्हणाले, "अरे, यानं आंबासुद्धा पडायचा नाही!" मला जरा वाईट वाटलं, पण पार्सल गेलं. पावतीवर 'क्रीडासाहित्य' असं लिहिलं होतं.

तीन आठवड्यांनी उत्तर आलं. "तपासणीअंती सदर दोष वापरकर्त्याच्या अयोग्य हाताळणीमुळे उद्भवला असल्याचे आढळले असून तो वॉरंटीत समाविष्ट नाही. दुरुस्तीखर्च रुपये 4,800."

मी संतापानं ते मोठ्यानं वाचून दाखवलं. "म्हणजे यांचं यंत्र बरोबर आणि चूक आमच्या पोरीची? हे न तपासताच?"

कन्या वहीतून मान वर करून म्हणाली, "बाबा, हे तुम्ही लिहून दिलं होतं का त्यांना?"

आमची ही लगबगीनं स्वयंपाकघरात गेली. तिथून बराच वेळ नुसता भांड्यांचा आवाज येत होता.

वही मात्र माझ्या नजरेत भरली. कन्येनं पहिल्या दिवसापासून प्रत्येक गोळीची नोंद ठेवली होती. तारीख, सिलिंडर कधी भरलं, दहा-दहा गोळ्यांचे गुण, गोळी कुठल्या दिशेला गेली. आमच्या शाखेचं एकही लेजर इतकं स्वच्छ नाही. तीन महिने सरळ रेघ आणि मग एकविसाव्या गोळीपासून दर दिवशी घसरण. सील केव्हा गेलं याची तारीखच त्यात सापडत होती. हा पुरावा पाठवायचा, असं मी ठरवलं.

अडचण शेवटच्या रकान्याची होती. रकान्याचं नाव 'शेरा'. त्यात लिहिलं होतं: 'हात हलतो.' 'माझंच चुकतं.' 'बाबा ओरडले.' 'बाबा ओरडले.' 'मोबाइल नाही तरी सात.' 'बाबा ओरडले.'

मी पेन उचललं. वाटलं, कंपनीला हा रकाना कशाला हवा? पण बँकेतली इतक्या वर्षांची सवय आडवी आली. मूळ नोंदीत खाडाखोड केली की सगळी वहीच संशयास्पद. तेव्हा आहे तशी झेरॉक्स काढली. सोबत पत्र लिहिलं. त्यात 2019 चा ग्राहक संरक्षण कायदा घातला. या कायद्यानं ग्राहकाला आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या मालाला फीसुद्धा नाही. कंपनीला पुण्यात यावं लागेल, नगर रोडनं यावं लागेल, हे मी सुचवून ठेवलं. 1915 या हेल्पलाइनवर नोंद केली. 1974 साली याच पुण्यात बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायत उभी केली होती, त्या गावचा मी रहिवासी आहे, असंही एक वाक्य होतं. ते हिनं खोडायला लावलं. 2021 साली टोकियोत भर स्पर्धेत मनू भाकरचं पिस्तूल बिघडलं, दुरुस्तीत वेळ गेला, अंतिम फेरी दोन गुणांनी हुकली आणि लोकांनी तिच्याच नावानं बोटं मोडली, हा मजकूर मात्र ठेवला. लिहिताना माझी बोटं जरा अडखळली.

आठव्या दिवशी फोन आला. वयस्कर आवाज होता. कंपनीतले दुरुस्ती विभागाचे गृहस्थ. "डायरी बघितली साहेब. माझं पहिलं उत्तर मागे घेतो. सील बदलतो, पैसे नाहीत." मी आभार मानले. ते थांबले आणि म्हणाले, "आणि साहेब, पोरीला ओरडू नका."

पिस्तूल परत आलं तेव्हा जिल्ह्याची स्पर्धा होऊन गेली होती. कन्या उसन्या पिस्तुलावर खेळली आणि अकरावी आली. खोक्यात एका पुडीत जुनं सील होतं. आमच्या कुकरच्या शिट्टीलाही याहून जाड रबर असतं.

त्याच रविवारी सराव झाला. साठ गोळ्या गेल्या, शेवटची नवात. घरी आल्यावर कन्येनं वही काढली, मागच्या पानांवरचे 'हात हलतो' आणि 'माझंच चुकतं' हे शेरे एकेक रेघ मारून खोडले आणि प्रत्येकापुढे 'सील' असं लिहिलं. 'बाबा ओरडले' तसंच ठेवलं.

मग वही माझ्यापुढे सरकवून म्हणाली, "बाबा, खाडाखोड केली की शेजारी सही लागते ना?"

मी चष्मा लावला. एकूण तेवीस ठिकाणी सही केली.