पिसा आणि वालधुनी

अंबरनाथ (पूर्व)

चि. मैत्रेयी,

तुझे पिसाचे फोटो ताईने बदलापूरहून पाठवले. बहुतेक सगळ्यांत तो कलता मनोराच आहे. शेजारचं कॅथेड्रल एकाच फोटोत आलंय, तेही अर्धं. मला त्याच्याबद्दल तुझ्याशी बोलायचंय.

त्या कॅथेड्रलचं काम १०६३ साली सुरू झालं. आपल्या शिवमंदिराच्या उत्तरेकडच्या दारावर आतल्या बाजूला शिलालेख आहे, तो शके ९८२ चा, म्हणजे १०६० चा. व्हेनिसमधलं आजचं सान मार्को चर्चसुद्धा १०६३ च्या सुमारास सुरू झालं. वास्तुकार बुस्केतो पिसात पाया आखत होता, त्याच्या थोडंसं आधीच इकडे वालधुनी नदीच्या काठी शिलाहार राजा मुम्मुणीच्या कारकिर्दीत हे देऊळ उभं राहिलं होतं. काम त्याच्या थोरल्या भावाने, छित्तराजाने सुरू केलं असं अभ्यासक मानतात. तो लेख वाचणं सोपं नव्हतं बरं का. डॉ. भाऊ दाजींनी शक ७८२ वाचला होता, म्हणजे देऊळ दोनशे वर्षांनी जुनं ठरत होतं. पुढे पंडित भगवानलाल इंद्रजींनी तो आकडा ९८२ असल्याचं दाखवलं. एवढ्याशा अंकासाठी दोन मोठ्या माणसांनी डोळे शिणवले, याचं मला फार अप्रूप वाटतं.

तू लहानपणी महाशिवरात्रीच्या गर्दीत देऊळ पाहिलंस. तेव्हा नुसती डोकीच दिसतात. आता सुट्टीत येशील तेव्हा आडवारी सकाळी जाऊ. बाहेरची भिंत सरळ अशी जवळजवळ कुठेच नाही. इतके कोन पुढे-मागे काढलेत की ऊन सरकेल तशी सावली एका मूर्तीवरून दुसरीवर जाते. शिखर भूमिज शैलीचं आहे. चार बाजूंना खालून वर जाणारे चार पट्टे आणि त्यांच्या मधल्या जागेत छोट्या छोट्या शिखरांच्या ओळी, एकीवर एक रचलेल्या. ही शैली माळव्यात रुळलेली, पण इथे ती कोकणच्या काळ्या दगडात उतरली. पिसाच्या कारागिरांच्या हाताखाली संगमरवर होता. आपला बेसाल्ट टणक, छिन्नीला दाद न देणारा. त्यात चामुंडेच्या फासळ्या न् फासळ्या मोजता येतील अशा काढल्यात. सभामंडपातून गाभाऱ्यात जायला मात्र पायऱ्या उतराव्या लागतात. बाहेर सगळी नक्षी आणि आत खोल, साधा, गार गाभारा. शिखराचा वरचा भाग आता नाही, त्यामुळे वरून उजेड थेट पिंडीवर येतो.

तुला आवडेल अशी आणखी एक गोष्ट. १८६८ साली मुंबई सरकारने जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या मुलांकडून या देवळाची मापं, चित्रं आणि प्लास्टरचे साचे करवून घेतले. तू आज मिलानमध्ये जे शिकतेस, तसलं काम आपल्याकडे दीडशे वर्षांपूर्वी याच देवळापाशी झालं होतं.

आणि तिकडचे लोक आपल्याला अगदीच परके नाहीत. रोमन साम्राज्याच्या काळात तिकडचा व्यापार आपल्या किनाऱ्यापर्यंत पोचला होता. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात कल्याणचं नाव आहे. तिथे येणारी ग्रीक जहाजं पहाऱ्यात भडोचला नेली जातात, असंही त्यात नोंदवलंय. कल्याणच्या खाडीला मिळणारी उल्हास नदी बदलापूरवरूनच येते, तुझ्या घराजवळून.

आता माझ्या मनातलं सांगते. मिलानच्या दुओमोची, म्हणजे तिथल्या कॅथेड्रलची, देखभाल करणारी ‘फाब्रिका’ १३८७ साली स्थापन झाली आणि आजही तीच काम बघते. दगड कांदोल्याच्या खाणीतून येतो, पहिल्यापासून तिथूनच. झिजलेला दगड काढायचा आणि तसाच नवा घडवून बसवायचा, हे काम कधी संपतच नाही. पिसाचा मनोरा १९९० मध्ये बंद केला, उत्तरेच्या बाजूची माती थोडी थोडी काढून त्याचा कल कमी केला आणि २००१ च्या अखेरीस लोकांसाठी पुन्हा उघडला. इतकी वर्षं धीर धरणारी माणसं तिथे होती. मला हेवा वाटतो तो या माणसांचा. इमारती आपल्याकडेही आहेत.

आपलं देऊळ पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे, देवळाच्या आवारात कला महोत्सवही भरतो. हे सगळं हवंच. पण देवळाला खेटून वाहणाऱ्या वालधुनीत अंबरनाथ-उल्हासनगरच्या कारखान्यांचं रसायन वर्षानुवर्षं सोडलं गेलंय. काही दिवशी पाण्याला रंग असतो, वास तर बहुतेक रोज. देवळाच्या मुळाशी असं पाणी आणि वर आपण कुंपण रंगवून समाधान मानायचं, हे मला पटत नाही. नदी स्वच्छ केल्याशिवाय देऊळ जपलं, असं म्हणताच येणार नाही. आणि दगड जपायचा तर दगड ओळखणारे हातही हवेत. पाटे-वरवंटे घडवणारे पाथरवट आपल्याकडे अजून आहेत. त्यांच्या मुलांना रीतसर शिकवून या कामावर घेता येईल. फाब्रिकासारखी कायमची कार्यशाळा इथे उभी राहिली तर तिला कामाची ददात पडणार नाही. अंबरनाथनंतर लोनाडची लेणी आहेत, कर्जतजवळची कोंडाण्याची आहेत.

म्हणून एक काम सांगते. दुओमोच्या कामावर दगड घडवणाऱ्यांना भेट. ते शिकाऊ मुलं कशी निवडतात, किती वर्षं शिकवतात, पगार कोण देतं, दगडावरची काजळी कशी काढतात, सगळं विचारून वहीत उतरवून आण. इथे मी नगरपालिकेत आणि पुरातत्त्व खात्यात कुणाला भेटायचं ते ठरवून ठेवते. आपण दोघी बरोबर जाऊ.

जेवणखाण सांभाळ, थंडीत कान झाकत जा.

तुझी,
मावशी