वाळूचा दांडा आणि मर्यादवेल

मुलांनो, भूगोलाच्या पुस्तकातले तीन शब्द आपण सगळ्यांनी पाठ केले आहेत. पुळण, वाळूचा दांडा आणि खाजण. पाठ केले, परीक्षेत लिहिले, मार्क मिळाले आणि विसरून गेलो. मला मात्र ते विसरता येत नाहीत. कारण माझे आजोळ खुद्द एका वाळूच्या दांड्यावर आहे. गावाचे नाव देवबाग, तालुका मालवण. आपल्या वर्गातल्या पुष्कळ मुलांनी ते पाहिलेले नाही. म्हणून त्याची हकिकत या भिंतीवर लिहीत आहे. पालकांनीही वाचावी, कारण शेवटी त्यांनाही काही विचारायचे आहे.

मालवणहून एस.टी. दक्षिणेला निघते. तारकर्ली मागे पडली की जमीन अरुंद होत जाते. उजव्या हाताला अरबी समुद्र, डाव्या हाताला कर्ली नदीची खाडी आणि मधून एकच रस्ता. दोन्ही बाजूंना माड, माडांत घरे. काही ठिकाणी तर रस्त्यात उभे राहिले की एका कानाने समुद्राची गाज ऐकू येते आणि दुसऱ्या बाजूला खाडी अगदी चिडीचूप असते. शेवटी संगम येतो. तिथे नदी समुद्राला मिळते आणि गाव संपते. पाण्यापलीकडे वेंगुर्ले तालुक्यातले भोगवे दिसते. होडीने गेले तर हे इथेच, पण रस्त्याने जायचे तर केवढा तरी वळसा!

तुम्ही म्हणाल, हे काही बेट नव्हे. खरे आहे. देवबाग उत्तरेकडून जमिनीला चिकटलेले आहे. पण असाच दांडा जमिनीपासून सुटा असला की त्याचे बेट होते. आंध्र प्रदेशात पुलिकत सरोवर आणि बंगालचा उपसागर यांच्यामध्ये श्रीहरिकोटा आहे, ते असेच वाळूचे बेट. १४ जुलै २०२३ रोजी चांद्रयान-३ तिथूनच उडाले. दांडा असो की बेट, दोघांचे काम एकच. समुद्राच्या लाटा आपल्या अंगावर घ्यायच्या आणि आतल्या खाडीला, शेतांना आणि गावांना सांभाळायचे. घरात थोरला भाऊ पुढे उभा राहतो ना, तसेच.

आता ही वाळू आली कुठून? काही समुद्राने आणली आणि काही नदीने. कर्ली नदी सह्याद्रीकडून कुडाळ तालुक्यातून खाली येते. आपल्या गावचा ओढा, ज्यात आपण पावसाळा सरला की डुंबतो, तो तिलाच जाऊन मिळतो. पावसाळ्यात नदी डोंगरातली माती आणि वाळू वाहून नेते. माती हलकी असल्याने दूर जाते, वाळू जड असल्याने काठाजवळ बसते. मग लाटा आणि समुद्रातले प्रवाह ती वाळू किनाऱ्याच्या कडेने ओढत नेतात आणि नदीच्या तोंडापुढे बांध घालतात. दार बंद झालेले बघून नदी वळते आणि समुद्राच्या शेजारून चालत जाऊन पुढे वाट काढते. गुरुजींनी हे पटांगणात बादलीभर पाणी ओतून दाखवले होते, आठवते ना? म्हणजे देवबागच्या वाळूत आपल्या डोंगराचेही कण आहेत. हे कळल्यापासून मला ते गाव आणखीच जवळचे वाटते.

माझी आजी शाळेत फारशी गेली नाही. पण तिने हे सगळे एका वाक्यात सांगितले. मी अंगणात खड्डा खणत होते तेव्हा ती म्हणाली, "ही जमीन न्हय गो चेडवा. ही वाळू. वायच इसाव्याक बसली हा."

मालवणच्या किनाऱ्यावरून सिंधुदुर्ग किल्ला दिसतो, तो मात्र वाळूवर नाही. शिवाजी महाराजांनी किल्ल्यासाठी जागा निवडली ती कुरटे बेटाची. ते खडकाचे आहे. १६६४ मध्ये काम सुरू झाले आणि १६६७ मध्ये पुरे झाले. भोवती पाण्याखाली खडक लपलेले असल्यामुळे वाट ठाऊक नसलेल्या गलबताची धडगत नसे. आत राजाराम महाराजांनी १६९५ मध्ये बांधलेले शिवरायांचे मंदिर आहे. आणि दूधबाव, दहीबाव, साखरबाव या तीन गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत. साडेतीनशेपेक्षा जास्त वर्षे लाटा त्या तटावर आपटत आहेत, पण किल्ला उभा आहे.

माझ्या मनात आले, महाराजांनी खडक निवडला. मग वाळूवर राहणाऱ्या माणसांचा किल्ला कोणता?

याचे उत्तर शोधायला मी देवबागला तीन वेळा फिरले. दिवाळीत, शिमग्यात आणि मे महिन्यात. त्यात जे पाहिले ते सांगते.

पहिली गंमत आजीच्या विहिरीची. दोन्हीकडे खारे पाणी, पण विहिरीचे पाणी गोड! मामाने समजावले. पावसाचे पाणी वाळूत मुरते. गोडे पाणी खाऱ्यापेक्षा हलके असते, म्हणून ते खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहते, जशी दुधावर साय. जपून काढले तर वर्षभर पुरते. पंप लावून उपसत राहिले तर खालचे खारे पाणी वर येते. म्हणून आजी दिवसातून मोजून कळश्या काढते आणि मला नळाखाली खेळू देत नाही.

समुद्राच्या बाजूला पुळण. तिथे पहाटे गेले तर वाळूवर बारीक नक्षी दिसते. ती काढतात छोटे पांढुरके खेकडे. जरा पाऊल वाजले की सगळे बिळात गडप. वर समुद्रगरुड आणि ब्राह्मणी घारी फिरतात. थंडीच्या दिवसांत कुरव पक्ष्यांचे थवे येऊन बसतात. मामाच्या होडीतून एकदा डॉल्फिनही दिसले. पाण्यातून पाठ वर काढतात आणि पुन्हा आत. मालवणजवळचा समुद्र १९८७ साली सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. त्यात पाण्याखाली प्रवाळ आहेत.

खाडीच्या बाजूला सगळेच निराळे. तिथे वाळूऐवजी चिखल आणि चिखलात तिवर, कांदळ, चिपी ही झाडे. तिवराची मुळे चिखलातून पेन्सिलीसारखी वर आलेली असतात. ती मुळे हवा घेतात. मुळांच्या जाळीत माशांची आणि कोळंबीची पिल्ले लपून वाढतात. निवट्या नावाचा मासा तर पाण्याबाहेर येऊन चिखलात उड्या मारतो. ओहोटी लागली की मामी आणि शेजारणी मुळे वेचायला जातात. (हे मुळे म्हणजे भाजीतले मुळे नव्हेत, शिंपल्यातले!)

शिमग्याला गेले तेव्हा सगळ्यांत मोठी गोष्ट पाहिली. तारकर्लीच्या बाजूला पुळणीवर जाळीचे कुंपण घातले होते. आत कासवाची अंडी पुरलेली होती. ही ऑलिव्ह रिडले जातीची कासवे. मादी रात्री किनाऱ्यावर येते, मागच्या पायांनी सुमारे दीड फूट खड्डा करते, त्यात शंभराच्या आसपास अंडी घालते, वाळू लोटते आणि समुद्रात निघून जाते. पुढे पंचेचाळीस ते साठ दिवस वाळूच त्यांची आई. वाळू जास्त तापली तर माद्या अधिक जन्मतात, कमी तापली तर नर. पूर्वी लोक अंडी खायला नेत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आता कासवांना संरक्षण आहे. गावातलीच माणसे घरटे दिसले की वनखात्याला कळवतात आणि कोल्ह्याकुत्र्यांपासून राखण करतात.

त्या दिवशी संध्याकाळी पिल्ले बाहेर आली. एवढीएवढी, माझ्या तळहातावर दोन मावतील अशी. कोणी त्यांना वाट दाखवली नाही. उजेड पाण्याकडे, म्हणून तीही पाण्याकडे. एक लाट आली, चार पिल्ले मागे फेकली गेली. ती उलटी झाली, सुलटी झाली आणि पुन्हा चालू लागली. आम्ही सगळे गप्प होतो. त्यातली मादी मोठी झाली की अंडी घालायला बहुधा याच किनाऱ्याकडे परत येते, असे तिथल्या दादांनी सांगितले. माझ्या मनात लगेच आले, ती येईल तेव्हा ही पुळण असेल का?

हा प्रश्न मी उगीच विचारत नाही. आजीच्या घरामागे पूर्वी माडांच्या तीन ओळी होत्या, आता एक आहे. आजी म्हणते, "दोन वळी दर्यान घेतल्यान." १६ मे २०२१ च्या तौक्ते वादळात मामाच्या घराची कौले उडाली, माड मोडले, कितीतरी दिवस वीज नव्हती. विहिरीचे पाणी मचूळ झाले, ते पाऊस पडल्यावर निवळले.

म्हणून किनाऱ्यावर दगडांचा धूपप्रतिबंधक बंधारा घालतात. त्यावरून आजी आणि मामा यांचे रोज वाजते. मामा म्हणतो, "घर रवला तर सगळा. घर गेला तर कासवां काय आमका जेवाण घालतली?" आजी म्हणते, "दगडार कासवां येतली काय रे? आणि रापण खंय ओढतलंस, रस्त्यार?" रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे. पन्नास माणसे दोर धरतात आणि हात लावणाऱ्याला वाटा मिळतो. त्याला पुळण लागते. दगडावर लाट आपटली की ती जोराने परतते आणि पुढची वाळू घेऊन जाते. मग दगडाच्या आतले घर वाचते, पण पुळण जाते. आजीचेही खरे, मामाचेही खरे. मी दोघांच्या मध्ये बसून पेज जेवते आणि कोणाची बाजू घ्यावी ते मला कळत नाही. ज्याच्या दारात लाट आली आहे त्याला दगड नको असे मी तरी कसे म्हणू?

पण आजीने एक गोष्ट दाखवली, ती मला पटली. जिथे अजून दगड नाहीत, तिथे वाळूवर एक वेल पसरलेली आहे. पाने आपट्यासारखी मधे दुभंगलेली, फुले जांभळी. तिला मर्यादवेल म्हणतात. जुनी माणसे सांगतात, ही वेल असते तिथे समुद्र आपली मर्यादा ओळखतो. आता समुद्र काही वेलीला भीत नाही, हे मलाही समजते. पण मी वेल उचलून बघितली. तिच्या प्रत्येक पेरातून मुळे निघालेली होती आणि प्रत्येक मुळाने मूठभर वाळू धरलेली होती. वाऱ्याने उडणारी वाळू पानांत अडकते आणि हळूहळू उंचवटा होतो. मोठ्या लाटेच्या वेळी तोच उंचवटा पुढे होतो. मागे केवडा, त्याच्या मागे माड. आणि खाडीच्या बाजूने तिवर. हाच तो वाळूवरचा किल्ला! दगडाचा तट राजाने बांधला, हा तट वेलीने बांधला. मात्र तो रोज बांधावा लागतो आणि एका दिवसात तुडवता येतो. पुळणीवर गाड्या नेल्या, खुर्च्या मांडायला वेल काढून टाकली, की बुरूज ढासळलाच.

आता पालकांना विचारायचे ते विचारते. आपल्या वाडीत घर बांधायचे झाले की नदीतल्या वाळूचा ट्रक येतो. आम्ही मुले त्या ढिगावर खेळतो. घर तर सगळ्यांनाच हवे. पण नदीची वाळू वरच्या वर उपसली गेली तर देवबागच्या दांड्याला कुठून मिळायची? समुद्र नेणार, आणि नदी आणणार नाही, मग हिशेब कसा जुळणार? आपल्या ओढ्यात टाकलेली प्लॅस्टिकची पिशवीसुद्धा शेवटी तिथल्याच पुळणीवर जाते, मी ती वेचली आहे. यावर काय करावे ते मोठ्या माणसांनी बसून ठरवावे. आम्हीही ऐकायला येऊ.

आणि मुलांनो, येत्या शिमग्याच्या सुमारास आईवडिलांबरोबर जरूर देवबागला या. उजेड कमी ठेवा, पिल्लांना हात लावू नका, आजीच्या विहिरीचे पाणी पिऊन बघा. पुळणीवर उतरताना वाटेत जांभळ्या फुलांची वेल दिसेल. तिच्यावर पाय न देता बाजूने जा.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता ७ वी