४५६ भिडू आणि एक कच्चं लिंबू

आमच्या लहानपणी गिरगावच्या चाळीत खेळायला पोरे जमली की दोन गोष्टी आधी ठरत. राज्य कोणावर आणि कच्चं लिंबू कोण. राज्य घ्यायला कोणी राजीखुशीने पुढे येत नसे. कच्चं लिंबू मात्र ठरलेलेच असे. ताईच्या परकराला धरून उभे असलेले एखादे शेंबडे पोर! त्याला खेळात घ्यायचे, पळू द्यायचे, पण शिवले तरी बाद धरायचे नाही. हा नियम कोणी केला कोण जाणे. शाळेत तो शिकवीत नसत. पण तो मोडणाऱ्याला दुसऱ्या दिवशी कोणी खेळायला बोलावीत नसे. दुसरी सोय टाईमप्लीजची. चपलेचा अंगठा तुटला, आईची हाक आली, नुसता दम लागला, तरी ‘टाईमप्लीज’ म्हटले की समोरचा गडी जागच्या जागी थांबे.

या दोन्ही गोष्टींची मला आठवण व्हावी ती न्यूयॉर्कमध्ये, हे नवलच म्हणायचे. २०२४ सालच्या दिवाळीला मी लेकीकडे जर्सी सिटीला गेले होते. पंधरा वर्षांच्या नातवाने मी पोचायच्या आधीच चार तिकिटे काढून ठेवली होती. “आजी, आपण स्क्विड गेम खेळायला जायचं!” स्क्विड म्हणजे आपले माकूल. कोळणीच्या पाटीपलीकडे माझा त्याच्याशी संबंध आलेला नव्हता. पण मुकाट्याने होय म्हटले. घरात हसू येईल असे तेवढेच एक निमित्त होते, म्हणून.

कारण जावईबापूंची नोकरी गेली होती. बारा वर्षे ज्या कंपनीत काढली तिने एका सकाळी पत्र पाठवले, आणि दुपारी त्यांचे ओळखपत्र दारावर चालेनासे झाले. आपल्या मुलांना तिकडे ज्या परवान्यावर राहू देतात त्याचा नियम असा, की नोकरी गेली तर ६० दिवसांत दुसरा मालक शोधायचा, नाहीतर देश सोडायचा. हे सारे मला लेकीने स्वयंपाकघरात, नळ सोडून, हलक्या आवाजात सांगितले. जावईबापू स्वतः एक अक्षर बोलत नव्हते. पहाटे उठत, दाढी करीत, इस्त्रीचा सदरा घालून संगणकासमोर बसत. मी “चहा ठेवू का?” विचारले तर “नको आई, तुम्ही दमला असाल,” एवढेच उत्तर.

ज्या मालिकेवरून हा खेळ उभारला, तिची गोष्ट नातवाने मला आदल्या रात्री सांगितली. कोरियात कर्जाने गळ्यापर्यंत बुडालेली ४५६ माणसे एका बेटावर नेतात. त्यांना नावाऐवजी क्रमांक देतात, आणि सहा खेळ खेळायला लावतात. खेळ पोराटोरांचेच, गोट्या, रस्सीखेच असले. फक्त जो बाद होतो त्याला तिथल्या तिथे गोळी घालतात. माणूस गेला की बक्षिसाच्या रकमेत दहा कोटी वॉनची भर पडते. शेवटी उरेल त्याला ४,५६० कोटी वॉन. शेवटच्या खेळाला जमिनीवर जी आकृती आखतात ती माकुलासारखी दिसते, त्यावरून हे नाव पडले.

ह्वांग दोंग-ह्युक या दिग्दर्शकाने ही कथा २००९ च्या सुमारास लिहिली. त्या वेळी त्याच्यावर इतकी ओढगस्त आली, की लिहिण्याचा संगणकसुद्धा विकावा लागला. कथा घ्यायला दहा वर्षे कोणी तयार नव्हते. २०२१ साली ती नेटफ्लिक्सवर आली आणि जगभर गाजली. तिचा नायक मोटारीच्या कारखान्यातून काढलेला कामगार आहे. त्यामागे २००९ मध्ये सांगयाँग मोटर कंपनीत झालेला ७७ दिवसांचा खरा संप आहे. हीच कंपनी पुढे २०११ मध्ये आपल्या मुंबईच्या महिंद्रांनी घेतली आणि काही वर्षांनी सोडली. जग किती लहान आहे पाहा!

मला सर्वांत चटका लावून गेली ती एक बारीकशी गोष्ट. पहिल्या खेळात निम्म्याहून अधिक माणसे मेल्यावर उरलेले मतदान करतात, आणि एका मताने खेळ बंद होतो. सगळे घरी जातात. पण घरी सावकार, आजारी आई, रिकामा डबा. म्हणून त्यातले बहुतेक जण आपल्या पायांनी परत येतात. मी म्हटले, “अरे, परत कशाला गेले?” नातू म्हणाला, “आजी, बाहेरही तेच होतं ना!” पलीकडच्या खुर्चीत जावईबापू वर्तमानपत्र वाचीत होते. पान उलटायचे ते त्यांनी उलटले नाही.

हे प्रदर्शन म्हणा, खेळघर म्हणा, मॅनहॅटनमधल्या एका बाजारसंकुलात त्याच ऑक्टोबर महिन्यात उघडले होते. जर्सीहून नदीखालून येणारी आगगाडी तेहेतिसाव्या रस्त्यावर सोडते, तिथून दोन पावलांवर. आत गेल्यावर मनगटाला पट्टा बांधला. गुलाबी झगे आणि काळे मुखवटे घातलेले पहारेकरी दरडावू लागले. मुखवट्यांवर वर्तुळ, त्रिकोण, चौकोन. माझ्या शेजारच्या गोऱ्या बाई हिरवा पोशाख घरूनच शिवून घेऊन आल्या होत्या. मी आपली नऊवार नाही, पण पाचवारीत.

एका दालनात उजळणाऱ्या फरशा लक्षात ठेवून पाय टाकायचे होते. तिथे मी दुसऱ्याच पावलाला बाद झाले. मग भली थोरली बाहुली आली. ती पाठ फिरवून गाणे म्हणते तोवर पळायचे, तिने मान वळवली की दगड व्हायचे. आपला स्टॅच्यूच! कोरियन पोरे यात फूल उमलल्याचे एक दहा अक्षरांचे वाक्य म्हणतात, म्हणजे दहा अंक मोजण्याचे काम होते. ते फूल त्यांचे राष्ट्रीय पुष्प, आपल्या जास्वंदीच्या जातीतले.

बाहुली वळली. नातू डगमगला, लेक हसली, मी पदर सावरला, आम्ही तिघेही बाद. जावईबापू तेवढे उभे होते. ताठ, पापणी न लवता. पोरे टाळ्या वाजवू लागली. मला मात्र टाळी वाजवावीशी वाटेना. घरातही ते कित्येक दिवस असेच उभे होते.

आणि इथेच मला त्या जागेचे खरे गुपित कळले. बाद झालेल्या आम्हां कोणालाही बाहेर काढलेच नाही! गुण गेले इतकेच. पुढच्या दालनात सगळ्यांना सन्मानाने घेतले. मालिकेत ज्याला गोळी घातली असती त्याला इथे “चला, पुढच्या डावाला” म्हणत होते. पैसे मोजून आलेल्या माणसाला दहा मिनिटांत घरी पाठवले तर दुसऱ्या दिवशी कोण येणार? म्हणजे आम्ही सगळेच कच्चं लिंबू! आमच्या चाळीत जे फुकट मिळे, त्याला इथे तिकीट होते.

गोट्यांच्या खेळात मी आणि जावईबापू समोरासमोर आलो. मालिकेतला गोट्यांचा भाग फार प्रसिद्ध आहे. आपापला भिडू निवडा असे सांगतात, आणि निवडल्यावर कळते की त्यालाच हरवायचे आहे. तिथे अली नावाचा एक पाकिस्तानी मजूर आहे. दिल्लीच्या अनुपम त्रिपाठीने त्याचे काम केले आहे. ज्याला तो थोरला भाऊ मानतो तोच त्याच्या गोट्यांच्या जागी खडे भरून त्याला फसवतो. हे आठवून की काय, जावईबापू मुद्दाम नेम चुकवू लागले. “नीट खेळा हो,” मी म्हटले, “मी दादाच्या हाताखाली शिकले आहे.” ते पहिल्यांदा हसले. जिंकले कोण ते सांगत नाही!

बाहेर कोरियन खाण्याचा बाजार होता. लेक आणि नातू रांगेत गेले. बाकावर आम्ही दोघेच. तेव्हा त्यांनी विचारले, “आई, दादा म्हणजे गिरणीतले मामा ना? संपानंतर त्यांनी काय केलं?”

मी सांगितले. जानेवारी १९८२ मध्ये मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाख माणसे घरी बसली. त्यांतला एक माझा दादा. त्याची गिरणी पुन्हा उघडली ती त्याच्यासाठी नाही. सहा महिने वाण्याने वहीत लिहिले आणि मागितले नाही. समोरच्या काकू “जास्त झाली” म्हणून रोज भाजी आणून देत. दादाने पुढे शिकवण्या धरल्या, मग छापखाना धरला. “पण पहिला महिना तो रोज डबा घेऊन बाहेर पडायचा, जावईबापू. चौपाटीवर बसून डबा खायचा आणि संध्याकाळी परत यायचा. आम्हांला कळू नये म्हणून. वहिनीला सगळे ठाऊक होते. डबा भरून तीच द्यायची.”

बराच वेळ ते हातातल्या पट्ट्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, “आई, बावीस दिवस राहिलेत.” आणि त्यानंतर पंधरा मिनिटे ते बोलले. मी फक्त हूं म्हणत होते. लेक खाण्याच्या पुड्या घेऊन आली तशी दूरच उभी राहिली.

पुढे पंचावन्नाव्या दिवशी एका लहान कंपनीने त्यांचा अर्ज दाखल केला. पगार पहिल्यापेक्षा कमी. मोठी गाडी विकली, आणि त्या पहाटेच्या इस्त्रीच्या सदऱ्याला सुट्टी मिळाली. तसे झाले नसते तर काय, हाही विचार त्या रात्रीच घरात उघडपणे झाला. पुण्यात कोणाकडे उतरायचे, शाळेचे काय, सगळे. साठ दिवसांची मुदत हा सरकारी टाईमप्लीज खरा; पण तो सोसायला घरातली माणसे कळती लागतात.

डिसेंबरात मालिकेचा दुसरा भाग आला. नातवाचा दूरध्वनी: “आजी, यात पाच खडे वर उडवून झेलतात! तुझे सागरगोटे!” कोरियन लोक त्याला गोंगी म्हणतात. म्हटले, पाठवते. लेक म्हणाली, “आई, सागरगोटा म्हणजे बी, परवान्याशिवाय इथे येऊ देणार नाहीत.” तेव्हा अंगणातले पाच गुळगुळीत खडे धुऊन पाठवले आहेत. जावईबापूंना तिसरा डाव जमू लागलाय असे कळते. नातवाला अजून जमत नाही, म्हणून सध्या त्याला कच्चं लिंबू केले आहे.