एक दिवस समुद्रासाठी

आपल्या समाजातल्या पुष्कळ माणसांनी समुद्र पहिल्यांदा पाहिला तो दादरला, चैत्यभूमीवर. मराठवाडा-विदर्भातून ६ डिसेंबरला आलेला माणूस तासन्‌तास रांगेत उभा राहतो, अभिवादन करतो, पुस्तके विकत घेतो, आणि मग कुठे त्याचे लक्ष पलीकडच्या लाटांकडे जाते. ७ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांना अखेरचा निरोप दिला तो याच चौपाटीवर. त्यामुळे समुद्र म्हटला की आपल्या मनात आधी दुःखच येते.

कामोठ्यातल्या आमच्या महिला मंडळात एक दिवसाच्या सहलीचा विषय निघाला, तेव्हा परभणीकडच्या एक आजी म्हणाल्या, "सहा डिसेंबरला बघतेच की समुद्र. आणखी कशाला जायचं?" शेजारचे एक काका म्हणाले, "तोच पैसा विहाराला द्या." दोघांचेही बोलणे खोटे नव्हते. पण आजींनी खाडीकाठच्या या वसाहतीत राहून वर्षानुवर्षे लोकांची धुणीभांडी केली आणि एकदाही वाळूत पाय पसरून बसल्या नाहीत, हेही खरेच होते.

मी काकांना एवढेच म्हटले, "काका, बाबासाहेब मजूरमंत्री असतानाच, १९४५ साली, कारखान्यातल्या कामगारांना पगारी रजा देणारी कायद्याची दुरुस्ती झाली. कामगाराला विसावा पाहिजे हे आपल्याला कुणी दुसऱ्याने शिकवायला नको." घरकाम करणाऱ्या आमच्या बायांना मात्र खाडा झाला की पैसे कापले जातात. म्हणून रविवारच ठरला आणि वर्गणी दोन महिन्यांत हप्त्याने द्यायची ठरली. काकांनी पहिला हप्ता स्वतः आणून दिला.

कोणता रविवार, हे आम्हाला दारावर मासळी घेऊन येणाऱ्या कोळीण मावशींनी शिकवले. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करायची, ती भरतीची वेळ. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणून पौर्णिमेला ऐन दुपारी भरती, आणि तीही उधाणाची. आठाची पाऊणपट सहा, म्हणून अष्टमीला सकाळी सहाच्या सुमारास भरती आणि बाराच्या सुमारास ओहोटी. अष्टमीला भांगाची भरती, पाण्याला जोर कमी. लेकरे घेऊन जाणाऱ्याने अष्टमी धरावी. पौर्णिमेला तसेही आपण विहारात असतो. अष्टमीलाही उपोसथ असतो, म्हणून अष्टशील पाळणाऱ्या आजींचे जेवण बाराच्या आत उरकायचे, हेही लिहून ठेवले.

वाट अशी. पहाटे पाचला कामोठे, पळस्पे फाट्यावरून पेण, वडखळ, आणि तिथून अलिबागचा रस्ता. पहिला मुक्काम समुद्राचा नाही, चरी गावाचा. १९३३ साली नारायण नागू पाटील यांच्या पुढाकाराने इथल्या कुळांनी खोतांची जमीन कसायचे नाकारले. संप सहा वर्षे चालला. १९३४ साली बाबासाहेब या शेतकऱ्यांच्या परिषदेला चरीत आले आणि १९३७ साली त्यांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. आगरी-कुणबी कुळांसाठी बाबासाहेब इथवर आले होते, हे आपल्या मुलांना गावात उभे राहून सांगायचे आहे.

मग अलिबाग. जेवण, वाळू, पाणी. कुलाबा किल्ला काठावरूनच पाहायचा. अष्टमीच्या ओहोटीला पाणी पुरते हटेल याचा भरवसा नाही. ओसरते पाणी आत ओढते, म्हणून गुडघ्याच्या वर कुणी जायचे नाही, आणि दर पाच मुलांमागे एक मोठे माणूस.

दुपारी चौल. आज नारळी-पोफळीच्या वाड्यांत झाकलेले हे गाव दोन हजार वर्षांपूर्वी मोठे बंदर होते. कान्हेरीच्या लेण्यांतल्या शिलालेखांत 'चेमुल'च्या दात्यांचे उल्लेख आहेत, ते चेमुल हेच. चौलच्या हिंगळाज डोंगरावर लहानशी बौद्ध लेणीही आहेत. पायऱ्या चढवतील त्यांनी वर जायचे. गुडघे दुखणाऱ्यांनी खाली सावलीत थांबायचे. शेवटी रेवदंड्याचा किनारा, आणि पाचला परतीची वाट, कारण संध्याकाळी पुन्हा भरती.

तरुण पोरांना काशीद, मुरुड, जंजिराही हवा होता. कुडा लेण्यांचेही नाव निघाले. तिथे लेण्यासाठी दान देणाऱ्यांत माळी आहे, लोखंडाचा व्यापारी आहे, भिक्षुणी आहेत, पाहण्यासारखीच जागा. पण एका दिवसात एवढे कोंबले तर म्हातारी माणसे दिवसभर गाडीतच बसून राहतील. रेवदंड्यापर्यंत जाऊन-येऊन दोनशे किलोमीटरच्या आसपास होतात, तेवढे पुरे. कुडा पुढच्या वर्षी.

ज्यांना गाडीची वर्गणी जड जाते त्यांनी पनवेलहून एस.टी.ने अलिबागला यावे. २०२३ पासून बायांना अर्धे तिकीट आहे, पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास फुकट. पुढे आमच्या गाडीत सरकून बसू.

याच जिल्ह्यात, महाडला, १९२७ साली पाण्याला हात लावला म्हणून आपल्या माणसांनी मार खाल्ला. आता आमची लेकरे इथेच पाण्यात खेळणार आहेत. आजींना हे सांगितले, तेव्हा त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "भाकरी मी करीन. पण लुगडं भिजलं तर दुसरं कुठं बदलायचं, ते आधी सांगा."

तेही आता यादीत लिहिले आहे.