रसासाठी सफरचंद कोणतं घ्यायचं



बांधाकडेला आपली एचआरएमएन-९९ ची २२ झाडं आहेत. हिमाचलच्या बिलासपूर जिल्ह्यातले शेतकरी हरिमन शर्मा यांनी शोधलेली ही कमी थंडीची जात. त्यांना २०२५ ला पद्मश्री जाहीर झाली. एका शेतकऱ्याचं काम कुठपर्यंत पोचतं बघा.

आपल्याकडं फळ मे अखेर ते जूनमध्ये तयार होतं, म्हणजे नेमकं वळवाच्या तडाख्यात. त्यात हे फळ फार टिकाऊ नाही, लवकर मऊ पडतं. व्यापारी मोठी आणि रंगाची तेवढी उचलतो, बारकी घरी राहतात. त्याचा आम्ही रस करतो.

यंदा वाऱ्यानं बरीच फळं खाली आली. आईचं म्हणणं, "धुऊन घे रं, उकळल्यावर काय ऱ्हातंय त्यात?" तिनं दुष्काळ बघितलाय, तिला फळ टाकवत नाही. पण इथं मी तिचं ऐकत नाही. आपण बुडाला जीवामृत सोडतो, म्हणजे शेणच की. शेणातले काही जंतू भयंकर असतात. १९९६ ला अमेरिकेत न तापवलेल्या सफरचंदाच्या रसातून पुष्कळ लोक आजारी पडले, एक लेकरू दगावलं. हे जंतू तापवल्यावर मरतात, इथपर्यंत आईचं खरं. पण आमची नातवंडं रस चुलीवर चढायच्या आधीच पेले घेऊन उभी! म्हणून खाली पडलेलं फळ रसात नाही.

दुसरी गोष्ट त्याहून वाईट. डाग सडून त्यावर निळसर बुरशी आली की फळात पॅट्युलिन नावाचं विष तयार होऊ शकतं. ते उकळून जात नाही. सडका भाग कापून बाकीचं घेतात, पण विष कापलेल्या जागेच्या पुढंही गेलेलं असतं आणि डोळ्याला दिसत नाही. असं फळ अख्खं खड्ड्यात टाकायचं. गाईलाही नको. नुसतं ओरखडा पडलेलं, वाकडं, बारकं असेल तर बिनधास्त घ्या.

आता रस. फळं वाहत्या पाण्यात चोळून धुवायची, चार फोडी करायच्या, मधला गाभा बियांसकट काढायचा. बी मिक्सरमध्ये भरडली की त्यातनं सायनाइड सुटतं. दोन-चार बियांनी कुणी मरत नाही, पण पाटीभर फळांच्या बिया कशाला वाटायच्या? चवही कडवट होते. साल राहू द्या, रंग तिच्यातच आहे. फोड चिरली की हवेनं तांबूस पडते, म्हणून किलोला एक लिंबू लगेच पिळायचं. अर्धी वाटी पाणी घालून मिक्सरला फिरवायचं आणि धुतलेल्या सुती फडक्यातनं पिळायचं. किलोला अर्धा लिटरच्या आसपास रस पडतो. शेजारच्या द्राक्षवाल्याच्या ब्रिक्स मीटरवर आपला रस १३ भरला. साखर लागत नाही, चिमूटभर मीठ बास.

स्टीलच्या पातेल्यात मंद आचेवर ठेवा. जर्मनचं पातेलं नको, आंबट रस त्याला खातो. खळखळ उकळलं तर चव शिजल्यासारखी लागते. आमच्या घरात दुधाचा थर्मामीटर आहे, ८० अंशाला दोन मिनिटं धरतो. उकळून घेतलेल्या काचेच्या बाटलीत गरम असतानाच भरायचा, गार झाला की फ्रिजमध्ये. आम्ही तीन-चार दिवसांत संपवतो. झाकण उघडताना फस्स आवाज आला किंवा फेस दिसला तर रस आंबलाय, ओतून द्या.

राहिलेला चोथा गाईला घालतो, पण थोडाच, वैरणीत मिसळून. एकदम पाटीभर दिला तर पोट फुगतं.

आईसाठी यंदा बारक्या फळांचा मुरंबा घातलाय.