सौ.च्या भुवया आणि रंगपंचमी

माझ्या आजीच्या हातावर तुळशीवृंदावन गोंदलेलं होतं आणि कपाळावर एक हिरवट ठिपका. गोंदून झालं की वर हळद आणि तेल, एवढीच मलमपट्टी, असं ती सांगायची. ते गोंदण तिच्याबरोबरच गेलं. हल्ली भुवया गोंदतात त्या दोन-तीन वर्षांत फिकट होतात, आणि पथ्यं मात्र बाळंतिणीसारखी!

आमच्या सौ.च्या केमोत केस गेले तसे भुवयाही गेल्या. डोक्यावरचे परत आले, भुवया मात्र विरळच राहिल्या. "अहो, आरशात कुणी दुसरीच बाई दिसते," असं ती एकदाच म्हणाली. मग सुनेने मायक्रोब्लेडिंगचं सुचवलं. म्हणजे बारीक सुयांच्या पात्याने केसासारख्या रेघा ओढून त्यात रंग भरायचा. केमो संपून बरेच महिने झाले होते, तरी कॅन्सरच्या डॉक्टरांनी रक्ततपासणी बघूनच हो म्हटलं. रंगाची ॲलर्जी नाही ना, तेही आधी तपासलं. या दोन गोष्टी कुणी टाळू नयेत.

काम झालं होळीच्या चार दिवस आधी. मी जुन्या सवयीने वहीत रोजची नोंद ठेवली. पहिल्या दिवशी चिकट लस येत होती. उकळून गार केलेल्या पाण्यात स्वच्छ गॉज बुडवून ती हलकेच टिपायची, पुसायची नाही. मग दिलेलं मलम, तेही अगदी पातळ. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भुवया इतक्या काळ्याकुट्ट की नातू म्हणाला, आजीने काजळाने काढल्यात. पाचव्या दिवसापासून खाज आणि खपल्या. खपली ओढली की खालचा रंगही निघून येतो, म्हणून रात्री ती हातात सुती मोजे घालून झोपायची. शेजारच्या काकू हळद-खोबरेल घेऊन आल्या. मायेनेच आणलं होतं, पण हळद अशा ओल्या जागेला पिवळं करते. वाटी देवघरात ठेवून दिली.

खरी अडचण कुंकवाची. पूड जखमेत जायला नको, आणि रिकामं कपाळ तिला सोसवेना. आजारपणातही तिने ते कधी रिकामं ठेवलं नव्हतं. शेवटी भुवयांपासून चांगली लांब, वर एक छोटी टिकली.

रंगपंचमीला राजवाड्यावर गेर निघाली आणि आमच्या सौ. खिडक्या लावून घरात. रंग नको, ऊन नको, घाम नको. इंदूरच्या माणसाला हे म्हणजे उपासच हो! त्याच सुमारास खपल्या गळल्या आणि भुवया जवळपास दिसेनाशाच झाल्या. ती रडली. पैसे पाण्यात गेले म्हणाली. मी म्हटलं, अगं, चेक क्लिअरिंगला गेलाय, बुडालेला नाही. प्रकार असा असतो की वरची कातडी नवी येते ती आधी धुरकट असते, त्यामुळे खालचा रंग झाकला जातो. ती निवळली की रंग वर दिसू लागतो. याला चार ते सहा आठवडे लागतात, आणि उरलेल्या फटी भरायला दुसरी बैठक त्यानंतरच. लाली पसरत गेली, पू झाला, ताप आला तर मात्र वाट बघत बसायचं नाही, थेट डॉक्टर.

पाचव्या आठवड्यात चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला ती गेली. कैरीची डाळ, पन्हं, ओटीत भिजवलेले हरभरे. परत आली ती कपाळभर कुंकू घेऊन. भुवयांबद्दल कुणी काही विचारलं का, असं मी विचारलं. "कुणाच्या लक्षातच आलं नाही," असं म्हणाली आणि किती खूष होती म्हणून सांगू!

आता उन्हाने रंग लवकर उडतो म्हणून बाहेर पडताना छत्री आणि सनस्क्रीन. सनस्क्रीनची ट्यूब माझ्या पेन्शनच्या मानाने महागच आहे, पण यादीत तिचं नाव मीच लिहितो.